अठ्ठावीस पॉइंटांचा माणूस

नागोरावला कुणी नमस्कार केला तर तो आधी मागे वळून पाहतो. नमस्कार आपल्यालाच केला का, आणि केला तर का केला, याचा निकाल लागल्याशिवाय त्याचे हात जुळत नाहीत. मी त्याला एकोणीस वर्षं ओळखतो. एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडचा चहा पहिल्या घोटाला सरळ प्यायला, असं एकदाही झालं नाही. आधी वास, मग बशीत दोन थेंब, मग माझ्याकडे एक नजर. मी तापट माणूस आहे. पहिली दोन वर्षं मी चिडायचो, नंतर त्याचा चहा आधीच बशीत ओतून द्यायला लागलो.

माझं नाव वामन. मूळ कोल्हापूरचा, बोईसरला एका शाळेत पीटी शिकवतो. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलशिवाय जगू शकत नाही, म्हणून इकडे आल्यावर चार डोकी जमवून लीग सुरू केली. दोन गट: वरचा अ, खालचा ब. प्रत्येक गटात आठ संघ. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे चौदा मॅच, चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन हाफच्या. जिंकलात तर तीन पॉइंट, बरोबरीला एक. ब गटातले पहिले दोन पुढच्या वर्षी अ गटात जातात. लीगचा चिटणीस मीच, शिट्ट्या विकत आणणारा मीच आणि शिव्या खाणाराही मीच.

नागोराव नांदेडकडचा. तीस वर्षांपूर्वी तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला आणि तिथेच राहिला. कारखान्यातल्या पोरांची ‘कामगार इलेव्हन’ नावाची टीम होती, ती त्याने सांभाळायला घेतली. स्वतः आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नाही. बॉलमध्ये हवा कुणी भरली आहे याची त्याला खात्री नसावी.

त्याचा संशय मात्र उगाच आलेला नव्हता. अठ्ठ्याण्णव साली रात्रपाळीला तो एका रिअॅक्टरपाशी उभा होता. प्रेशरचा काटा दोनवर होता. दोन म्हणजे सगळं ठीक. पण पाईप जरा जास्तच गरम वाटला, म्हणून त्याने काट्याच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली. काटा अडकला होता, तो सुटला आणि थेट सहावर गेला. नागोरावने वाफ बंद केली, ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाठ थोपटली आणि तिथेच घोळ झाला. त्या दिवसापासून त्याने जगातल्या एकाही काट्यावर टकटक केल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. वजनकाटा असो, गॅसची टाकी असो, कलिंगड असो. मॅच सुरू होण्याआधी तो माझ्याकडे यायचा, माझा हात धरून मनगटावरच्या घड्याळावर टकटक करायचा आणि विचारायचा, “चालतंय ना हे?”

त्याची बायको राहीबाई म्हणायची, “लग्नात अंतरपाट धरला तेव्हा यांनी खालून पाय बघितले. पोरगी तीच हाय का म्हणून.”

समुद्रकाठच्या दांडी गावची सुलू त्यांच्या खोल्यांच्या रांगेत मासे विकायला यायची. नांदेडकडच्या माणसाला समुद्राच्या माशाचं काय कळणार, पण नागोराव प्रत्येक माशाचे कल्ले उचलून आत बघायचा. सुलू हसायची. “बगा, काका, बगा. माज्या घराची चावी ऱ्हायली का आत?” महिन्यातले काही दिवस तिची टोपली भरून वाहायची आणि काही दिवस ती फिरकायचीच नाही. असं का, हे नागोरावने वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्याचं उत्तर तयार होतं. “भाव चढवायला थांबते ती.”

तर हा माणूस आणि त्याची वही. लांबट, कापडी पाठीची वही, आणि तिच्या दोऱ्याला बांधलेली जाड लाल-निळी पेन्सिल. तिच्यात लीगच्या पहिल्या वर्षापासूनचे सगळे तक्ते. माझ्याकडचे वाळवीने खाल्ले, त्याच्याकडचे आहेत. वर जायला किती पॉइंट लागतात, हा प्रश्न बोईसरमध्ये कुणालाही पडला तर लोक माझ्याकडे येत नाहीत, नागोरावकडे जातात. त्याचं उत्तर ठरलेलं: अठ्ठावीस.

मी एकदा हुशारी केली. म्हटलं, “नागोराव, सरासरी काढली तर पंचविसात काम होतं. एका वर्षी तर तेविसावर दुसरा नंबर आलाय.”

“सरासरी लोकाला फसवायला असती, सर,” तो म्हणाला. “तीन वर्षांमागं आम्हाला सत्तावीस होते. गोल कमी पडले, तिसरे आलो. सत्ताविसावर जो बुडालाय त्याला पंचवीस सांगू नका. अठ्ठावीसवर आजपर्यंत कोणी बुडालेलं नाही. बेचाळीसमधले अठ्ठावीस. तीन घास असले तर दोन आपले पाहिजेत. तेवढे असले की मग कोणी कितीही डाव करू द्या.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हा तर ताकाचा वाडगाही धुऊन घेणारा.

पण यंदा त्या अठ्ठाविसाला वेगळी धार होती. मार्चअखेर नागोराव रिटायर होणार होता आणि लगेच गावी परतणार होता. कारखान्यातल्यांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं, तर हा म्हणाला, “घड्याळ कोणालाही मिळतं. मला एकच पाहिजे. अ गटाचा तक्ता छापून येईल, त्यात आपलं नाव असलेला. तो घेऊन मी गावाला जाईन.” एकोणीस वर्षांत ती टीम एकदाही वर गेली नव्हती.

फेब्रुवारीअखेर चित्र असं होतं. पालघरचा संघ तेहेतीस पॉइंट घेऊन पहिला येऊन बसला होता, त्याचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या जागेवर बेटेगाव, चौदाही मॅच संपवून सव्वीस. कामगार इलेव्हनचे तेरा मॅचमध्ये पंचवीस. एकच मॅच उरली होती, दांडीविरुद्ध, शुक्रवारी, माझ्या शाळेच्या मैदानावर. जिंकले तर अठ्ठावीस आणि थेट वर. बरोबरी झाली तर सव्वीसला सव्वीस, पण गोलांत बेटेगाव कितीतरी पुढे. म्हणजे जिंकायलाच हवं. दांडी सहाव्या नंबरवर, त्यांना ना वर जायचं ना खाली.

आणि सोमवारी दांडीचं पत्र आलं. रामनाथने लिहिलेलं. रामनाथ म्हणजे त्यांच्या टीमचा कारभारी, सुलूचा नवरा, साठीला टेकलेला. अक्षर सुबक, भाषा सरकारी: ‘काही अपरिहार्य कारणास्तव आमचा शुक्रवारचा सामना एक आठवडा पुढे ढकलण्यात यावा, ही नम्र विनंती.’

नियमाप्रमाणे समोरच्या संघाची संमती लागते, म्हणून मी नागोरावला बोलावलं. त्याने पत्र तीनदा वाचलं, मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

“अपरिहार्य म्हंजे काय, सर?”

“टाळता न येणारं.”

“ते कळतंय मला. कोणतं ते लिहिलं कामून नाही? लग्न असलं तर माणूस लग्न लिहितो. मयत असली तर मयत लिहितो. लपवायचं असलं की अपरिहार्य लिहितो.”

मला हसू आलं, पण तो गंभीर होता. खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, “पुढच्या शुक्रवारी काय हाय, माहीत हाय का? आमचं शटडाऊन. वर्षातून एकदा प्लांट बंद करून साफसफाई, दुरुस्ती. आठ दिवस कोणालाही सुट्टी नाही. माझी अकरातली आठ पोरं आत अडकणार. हे दांडीला कोणी सांगितलं?”

“कुणी?”

“बेटेगावनं. त्यांचे तिघं आमच्या पॅकिंगमध्येच हायेत. आणि दांडीची मासळी रोज बेटेगावच्या बाजारात जाते. जाताना मासळी, येताना निरोप. रिकामी टोपली परत येतच असते की.”

आता सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. संशय सर्दीसारखा असतो, शेजारी बसलं की लागतो. बेटेगावचे सव्वीस टिकवायचे असतील तर कामगार इलेव्हन अर्धी करून टाकणं यासारखा सोपा मार्ग नव्हता. रामनाथ तसा माणूस वाटत नव्हता, हे खरं. पण नागोराव म्हणाला, “काटा पण दोनवरच वाटत होता, सर.”

मी रामनाथला फोन लावला. म्हटलं, समोरचे तयार नाहीत, मॅच ठरल्या दिवशीच होईल. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “बरा. येतो आमी.”

एवढंच. भांडला नाही, कारण सांगितलं नाही. मी फोन ठेवल्यावर नागोरावने विचारलं, “भांडला का?”

“नाही.”

“मग नक्कीच काहीतरी हाय.”

शुक्रवारी साडेचारची मॅच. कामगार इलेव्हनची पोरं चारलाच आली, अकरा आणि वर पाच राखीव. सव्वाचारला दांडीची एक टमटम आली आणि तिच्यातून सात माणसं उतरली. सातच. त्यातले दोघे कॉलेजात जाणारे, एक पोट सुटलेला, आणि गोलकीपरची जर्सी घालून स्वतः रामनाथ. त्यांचा कॅप्टन धीरज नाही, त्यांचे ते वाऱ्यासारखे पळणारे दोघे भाऊ नाहीत, कुणी नाही.

मला आनंद व्हायला हरकत नव्हती. नागोरावच्या संघाने अठ्ठावीस पॉइंट खिशातच टाकले, असं कुणीही म्हटलं असतं. पण नागोरावचा चेहरा काळा पडला.

“सात का आणले?” तो म्हणाला.

“मिळाले तेवढे आणले असतील.”

“सहा नाही, आठ नाही, बरोबर सात. तुमचा नियम काय हाय? सातापेक्षा कमी झाले की मॅच बंद. मग निकाल कोण लावणार? कमिटी. पाच जणांची कमिटी, त्यात दोन बेटेगावचे. ते म्हणणार, परत खेळा. कधी? पुढच्या शुक्रवारी!” त्याने माझा दंड घट्ट धरला. “कळला का डाव? अर्ध्यात एक जण लंगडत बाहेर जाईल. झालं. मॅच खलास, अठ्ठावीस खड्ड्यात.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. इतका बारीक विचार बेटेगावातली सगळी डोकी एकत्र केली तरी कुणाला सुचला नसता.

मग त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, दांडीच्या खेळाडूंची यादी मागून घेतली आणि वर्षाच्या सुरुवातीला नोंदवलेल्या नावांशी ताडून पाहिली. रामनाथचं नाव नोंदणीत नव्हतं. नोंद नसलेला खेळाडू खेळवला तर नियम अकराप्रमाणे तीन पॉइंट समोरच्याला; त्यात कमिटीला तोंड घालता येत नाही. मात्र मॅच पूर्ण खेळली गेलेली हवी, आणि ती संपल्यापासून तासाभरात लेखी हरकत चिटणिसाच्या हातात पडायला हवी. नागोराव पायरीवर बसला, वहीतून कागद फाडला, हरकत लिहून सही ठोकली आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. “आत्ता बोललो तर ते सहाच उरतील,” तो म्हणाला. “जिंकलो तर हा खिशात. नाही जिंकलो तर तुमच्या हातात.”

दुसरी गोष्ट त्याने पोरांना गोळा करून केली. कॅप्टन विक्रमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “त्यांच्यातल्या कोणालाही धक्का लागता कामा नये. बॉल काढून घ्यायला अंगावर जायचं नाही. एक जरी पडला आणि बाहेर गेला तर समजा आपण मेलो. लांबून खेळा.”

“काका, फुटबॉल हाय हा,” विक्रम म्हणाला.

“माहीत हाय मला काय हाय ते.”

मग तो माझ्याकडे आला, घड्याळावर टकटक केली आणि मॅच सुरू झाली.

तसला खेळ मी जन्मात पाहिला नाही. अकरा धडधाकट कामगार सात जणांपुढून असे बाजूला होत होते, जणू सोवळ्यातले भटजी चालले आहेत. दांडीचा माणूस बॉल घेऊन आला की कामगारचा खेळाडू हात मागे बांधून उभा. तरी विसाव्या मिनिटाला विक्रमने लांबून सणसणीत मारला आणि एक गोल झाला. नागोराव हसला नाही. “आता सावध राहा,” म्हणाला.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला दांडीच्या त्या कॉलेजातल्या उंच पोराने मध्यातून बॉल घेतला आणि चालायला लागला. पळायचीही गरज नव्हती. एक बाजूला झाला, दुसरा झाला, तिसऱ्याने तर वाट दाखवली. गोलकीपर तेवढा पुढे आला, पण तोही शेवटच्या क्षणी पाय आखडून. एक-एक. मी कपाळावर हात मारला. कमिटीचा चिटणीस आहे, मला बाजू घेता येत नाही, पण मी मोठ्याने ओरडलो, “अरे, हात नको, पाय तरी लावा!” पंचाने माझ्याकडे रागाने पाहिलं.

मग मात्र कामगार इलेव्हनने मारा सुरू केला. लांबून का होईना, एकामागून एक. आणि रामनाथ अडवत राहिला. म्हातारा उड्या मारत नव्हता, बॉल कुठे येणार ते बघून आधीच तिथे उभा असायचा. तासाभराच्या सुमारास विक्रमचा एक फटका त्याच्या उजव्या पंजावर बसला. आवाज माझ्यापर्यंत आला. रामनाथ गुडघ्यावर बसला.

“बघा,” नागोराव माझ्या कानाशी म्हणाला. “आता पडणार. नाटक सुरू.”

पंच धावत गेला. रामनाथने मान हलवली, काहीतरी बोलला आणि उठला. उजवा हात त्याने जर्सीच्या आत, पोटाशी धरला. उरलेली वीस मिनिटं तो एका हाताने आणि दोन पायांनी गोल राखत होता. नागोराव श्वास रोखून त्याच्या पडण्याची वाट बघत होता. तो पडला नाही. शिट्टी वाजली. एक-एक. पंचवीस अधिक एक, सव्वीस.

सहाला पाच मिनिटं कमी होती. कामगार इलेव्हनची पोरं जिथे होती तिथेच मातीत बसली. नागोरावने खिशातून कागद काढला आणि माझ्याकडे यायला निघाला. चेहऱ्यावर हार नव्हती. आपण आधीच ओळखलं होतं, याचं एक कडू समाधान होतं. वाटेत गोलच्या खांबाशी रामनाथ बसला होता. डाव्या हाताने उजव्या हाताचा मोजा ओढत होता आणि तो निघत नव्हता. नागोराव त्याला ओलांडून दोन पावलं पुढे आला, थांबला आणि मागे वळला.

कारखान्यात तो प्रथमोपचाराच्या पथकात होता. हात पाहिला की त्याला कळायचंच. खाली बसून त्याने पोरांच्या पिशवीतल्या कात्रीने मोजा कापला. मधलं बोट भलत्याच दिशेला वळलेलं होतं, पंजा सुजून फुगला होता.

“हे कधी झालं?”

“तवाच.”

“मग बाहेर कामून नाही आलात?”

रामनाथने त्याच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. “आमी सात. मी भायेर गेलो त सा उरले. तुमची मॅच मोडली आसती. पोरांनी तुमच्या वरीसभर जीव टाकलाय, पॉइंटासाठी. आमच्यापायी कशाला वाया जावं?”

नागोराव त्याचा पंजा हलक्या हाताने चाचपू लागला. मीच विचारलं, “बाकीचे कुठं आहेत, रामनाथ? धीरज कुठंय?”

“दर्यात. उधाण हाय ना. अवसेला नि पुनवेला पानी जोरान धावतं, तवाच जाळ्यात मासळी. सगली पोरां होडीवर. आठ दिसांनी भांग लागेल, पानी मंद होईल, मग सगली घरी. म्हनून त लिवलेला, एक आठवडा पुडं घ्या.”

“पत्रात तसं लिहिलं का नाही?” मी जवळजवळ ओरडलोच.

“ते काय लिवायचा, सर?” तो खरोखरच गोंधळला होता. “अवस हाय. आकाशात दिसते. सगल्यांना ठावं. साह्यबाला पत्र म्हंजे चांगला शब्द पायजे, म्हनून पोरीला इचारून तो अपरिहार्य घातला.”

समुद्र माझ्या शाळेपासून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. एकोणीस वर्षं मी इथे लीगचं वेळापत्रक करतो. परीक्षा बघतो, सण बघतो, कारखान्यांच्या सुट्ट्या बघतो. चंद्र एकदाही बघितला नव्हता. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

विक्रम मागे येऊन उभा होता. त्याने खिशातल्या कागदाबद्दल ऐकलं होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. “काका,” तो म्हणाला, “सरांना कागद द्या ना. अठ्ठावीस होतात आपले.”

“आधी हाताचं बघू दे,” नागोराव म्हणाला आणि कागद पुन्हा खिशात ठेवला. बोटाला आधार द्यायला काहीतरी सरळ हवं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग वहीचा दोरा तोडून ती लाल-निळी पेन्सिल बोटाला लावली आणि रुमालाने घट्ट बांधली. रामनाथला स्कूटरवर मागे बसवलं. मी माझ्या मोटारसायकलवर त्यांच्यामागे निघालो.

स्टेशनजवळच्या दवाखान्यात गर्दी होती. रामनाथला एक्स-रेला आत नेलं. नर्सने पेन्सिल सोडवून नागोरावच्या हातात परत दिली. आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो. कागदाची घडी त्याच्या खिशातून बोटभर वर आलेली, मला स्पष्ट दिसत होती. मी चिटणीस, माझा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर. त्याला कुठेही जायचं नव्हतं, नुसतं बोटांनी ती घडी उचलून इकडे ठेवायची होती.

साडेसहाला राहीबाईचा फोन आला. मॅचचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. “अवसेच्या आठवड्यात दांडीवाल्याला बोलावलं तुम्ही? सुलू मला वीस वर्षं सांगती कधी उधाण, कधी भांग. मला विचारलं असतं तर!”

“विचारायची सवय कुठं हाय मला,” नागोराव म्हणाला. एवढंच म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

पावणेसातला विक्रमचा फोन मला आला. मी नागोरावला म्हटलं, “पोरं विचारतायत. दहाच मिनिटं उरलीत.”

“विचारू द्या.”

“नियम तुमच्या बाजूने आहे, नागोराव. रामनाथचं नाव नोंदलेलं नव्हतं हे खरंच आहे. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.” हे मी का म्हटलं कोण जाणे. मला त्याचा तो छापील तक्ता डोळ्यांसमोर दिसत होता, गावच्या घराच्या भिंतीवर लावलेला.

तो पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, “सर, तो पडेल म्हणून मी वाट बघत होतो. वीस मिनिटं. त्याचं बोट मोडलेलं आणि मी मनात म्हणत होतो, आता पडतो बघा हा.” त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. “माझ्यासाठीच उभा होता की हो तो.”

आत कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

सात वाजून गेले. नागोरावने माझा हात धरून मनगट स्वतःकडे वळवलं.

“किती वाजले?”

“सात वाजून दोन मिनिटं.”

त्याने घड्याळाच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक केली, दोनदा, आणि कान जवळ नेला.

“चालतंय ना हे?”

“चालतंय, नागोराव.”

त्याने मान हलवली, वही मांडीवर उघडली आणि कामगार इलेव्हनच्या पुढे सव्वीस लिहिले.